ईश्वर मानणं विवेकाला धरून आहे का? युक्तिवाद तपासण्यासाठी धागा

पंचावयव (धागाकर्ता)

ईश्वर आहे की नाही यावर इथे दर भाद्रपदात एक धागा निघतो आणि पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत राजकारणात जाऊन बुडतो. तोवर एकही युक्तिवाद कोणी धड मांडलेला नसतो. म्हणून या वेळी हद्द आधीच आखतो.

प्रश्न तीन आहेत. ईश्वर आहे का? तो आहे हे सिद्ध करता येतं का? आणि सिद्ध करता येत नसेल, तरी मानणारा माणूस अविवेकी ठरतो का? धागा तिसऱ्याबद्दल आहे. पण दुसऱ्यातून गेल्याशिवाय तिसऱ्याला हात घालता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्याकडची सगळ्यात काटेकोर मांडणी न्यायदर्शनातल्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेतल्या उदयनाचार्यांची (या परंपरेचे ते नैयायिक). त्यांच्या 'लक्षणावली'त शके ९०६, म्हणजे इ.स. ९८४ असा काळ नोंदलेला आहे. ईश्वरावरचा ग्रंथ 'न्यायकुसुमांजली', पाच स्तबकांचा, म्हणजे प्रकरणांचा. पाचव्या स्तबकात जे हेतू दिलेत त्यातला पहिला 'कार्य'. पाच अवयवांत तो असा बसतो:

प्रतिज्ञा: पृथ्वी, अंकुर वगैरे कर्त्याने घडवलेले आहेत.
हेतू: कारण ती कार्यं आहेत.
उदाहरण: जे जे कार्य ते ते कर्त्याने घडवलेलं, जसा घट.
उपनय: पृथ्वी, अंकुर ही तशीच कार्यं आहेत.
निगमन: म्हणून ती कर्त्याने घडवलेली आहेत.

आता अटी. कर्ता म्हणजे ज्याला उपादानाचं, म्हणजे कच्च्या मालाचं, प्रत्यक्ष ज्ञान आहे, करायची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे, तो. हातपाय या व्याख्येत नाहीत. हा ईश्वर शून्यातून काही काढत नाही. परमाणू नित्य, आत्मे नित्य, तो फक्त जुळणी करणारा, म्हणजे निमित्तकारण. आणि हेतू 'असणं' हा नसून 'कार्य असणं' हा आहे. त्यामुळे 'मग ईश्वराला कोणी बनवलं?' हा कट्ट्यावरचा हुकमी प्रश्न इथे लागूच होत नाही. ईश्वर कार्य आहे असं मुळात कोणी म्हटलेलं नाही. विचारायचंच असेल तर असं विचारा: ईश्वर नित्य चालतो, तर जग नित्य का चालू नये? मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेने, नेमकं हेच विचारलं होतं.

आक्षेप घेताना दोषाचं नाव सांगा: सव्यभिचार (नियमाला अपवाद सापडतो), विरुद्ध (हेतू उलटंच सिद्ध करतो), सत्प्रतिपक्ष (उलट सिद्ध करणारा तुल्यबळ हेतू आहे), असिद्ध (हेतूच सिद्ध नाही) की बाधित (दुसऱ्या प्रमाणाने आधीच खोडलेलं). नाव सांगता येत नसेल तर तो आक्षेप नाही, नापसंती आहे.

लकडीपूल

इतक्या आडवळणाने कशाला जायचं? पुरावा नाही, मानू नका. विषय संपला.

वारूळ

लकडीपूल, संपत नाही, पण तुमच्याकडे नंतर येतो. आधी नावासकट दोष.

पहिला, असिद्ध. पृथ्वी कार्य आहे हे कशावरून? जग कधीच याहून वेगळं नव्हतं असं मीमांसक म्हणत, आणि नैयायिकाला 'ती सावयव (भागांची बनलेली) आहे, म्हणून कार्य आहे' असं वेगळं सिद्ध करावं लागे. आज हा आक्षेप पृथ्वीपुरता मेला आहे. ती सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी बनली. भूगर्भशास्त्राने नैयायिकाचं काम फुकटात केलं म्हणायचं. अख्ख्या विश्वाबद्दल मात्र तो अजून जिवंत आहे.

दुसरा, सव्यभिचार. 'रानातलं गवत कोणी न लावता उगवतं, म्हणजे व्याप्ती, जे कार्य त्याला कर्ता हा नियम, मोडली' असं हमखास म्हटलं जातं. हे चालत नाही. गवत पक्षातच, म्हणजे ज्याबद्दल सिद्ध करायचं आहे त्यातच, मोडतं. वाद त्याच्याबद्दलच चालू असताना त्याचाच दाखला कसा देणार? व्यभिचार दाखवायचा तर पक्षाबाहेरचं कार्य आणा. ते सापडणं अवघड, कारण पक्षाबाहेर उरतात ती माणसांनी आणि प्राण्यांनी केलेलीच कार्यं.

तिसरा, उपाधी, आणि खरी लढाई इथे आहे. साध्याला (जे सिद्ध करायचं, इथे कर्ता असणं) व्यापते पण हेतूला व्यापत नाही, ती उपाधी. इथे 'शरीराने घडवलेलं असणं' ही उपाधी काढतात: जिथे जिथे कर्ता दिसतो तिथे शरीर दिसतं, पण जिथे जिथे कार्य दिसतं तिथे शरीर दिसत नाही. म्हणजे घटात कर्ता सापडतो तो घट कार्य आहे म्हणून नव्हे, शरीराने केलाय म्हणून. यावरूनच उलटं अनुमान उभं राहतं: पृथ्वी कर्त्याविना, कारण ती शरीराने घडवलेली नाही, जसं आकाश. हा सत्प्रतिपक्ष. नैयायिकाचं उत्तर असं की आकाशाला कर्ता नाही कारण ते मुळात घडलेलंच नाही. 'घडलेलं नसणं' एवढ्याने काम भागत असताना 'शरीराने' हे विशेषण फुकट जोडलंय. व्यर्थविशेषण.

चौथा आक्षेप बौद्ध तार्किक धर्मकीर्तींचा, उदयनांच्या तीनेक शतकं आधीचा, आणि माझ्या मते अजून न सुटलेला. देऊळ पाहिलं की बांधणारा न पाहताही आपण तो मानतो, कारण त्या जातीची रचना माणूस करताना आपण पाहिलेला असतो. डोंगराची रचना त्या जातीची नाही. दोन्हींना 'रचना' हा एकच शब्द लावला म्हणून हेतू एक होत नाही. तसं चालत असतं तर वारूळही मातीचंच, मग तेही कुंभाराने केलं म्हणावं लागेल. (सदस्यनाम कुठून आलं ते कळलं असेल.)

पंचावयव

मांडणी उत्तम. वारुळाला उदयनांच्या बाजूने उत्तर असं: मी 'रचना' हा हेतू घेतलेलाच नाही. 'मातीचं असणं' आणि 'कुंभाराने करणं' यांत कार्यकारणभाव नाही, म्हणून तिथे अनुकूल तर्क, म्हणजे व्याप्तीला आधार देणारं कारण, मिळत नाही. 'कार्य' आणि 'कर्ता' यांत तो आहे. कर्ता काढून टाका, घट होणारच नाही.

यातून आणखी एक हिशोब चुकता होतो. 'डार्विनने १८५९ मध्ये ईश्वराचा युक्तिवाद संपवला' हे वाक्य इंग्लिश धर्मशास्त्रज्ञ पेलीच्या १८०२ च्या घड्याळवाल्या युक्तिवादाला (घड्याळ दिसलं की घड्याळजी मानतो, तसंच जगाचं) लागतं, कारण तो डोळ्यासारख्या अवयवांच्या नेटक्या जुळणीवर उभा आहे. उदयनांच्या 'कार्य' हेतूला ओबडधोबड दगडही पुरतो. तिथे डार्विनचा काही संबंध येत नाही.

वारूळ

दगडही पुरतो हे मान्य, पण त्याची किंमत मोजावी लागते. कर्ता सिद्ध झालाच तर कसला? तुम्ही म्हणणार, परमाणू जुळवायचे तर परमाणू दिसले पाहिजेत, म्हणून तो सर्वज्ञ. पक्षधर्मतेच्या, म्हणजे हेतू पृथ्वीसारख्या पक्षात आहे याच्या, बळावर हे विशेष आपोआप मिळतात. आणि एकच का? लाघव, एकाने भागत असताना अनेक कशाला. पण उदाहरणातला प्रत्येक कुंभार सशरीर, अल्पज्ञ, चुका करणारा आहे. 'कर्ता' तेवढा उदाहरणातून घ्यायचा आणि बाकी सगळं टाकायचं, हा सोयीचा सौदा झाला. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७७९ साली छापलेल्या, धर्मावरच्या 'संवादां'तही हाच टोला आहे: मोठं जहाज पुष्कळ जण मिळून बांधतात, मग जगही देवांच्या टोळीने का बांधलेलं नसावं? किंवा एखाद्या शिकाऊ देवाने अर्धवट टाकून दिलेलं?

आणि एक. ही अनुमानं पाडण्यात नास्तिकांइतकाच आस्तिकांचा हात आहे. रामानुजाचार्य 'श्रीभाष्या'त 'शास्त्रयोनित्वात्' (ब्रह्म शास्त्रावरूनच कळतं) या ब्रह्मसूत्रावर हेच अनुमान सविस्तर खोडतात, कारण त्यांना ब्रह्म शास्त्रावरूनच हवं आहे. नुसता निमित्तकारण असलेला ईश्वर शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात नाकारला आहे. मीमांसक कुमारिल भट्ट तर वेदनिष्ठ असूनही निर्माता नाकारतात: शरीर नसेल तर करणार कसं, असेल तर ते कोणी केलं, आणि करुणेने केलं म्हणाल तर सृष्टीच्या आधी कीव करायला होतं कोण? 'आपली परंपरा विरुद्ध पाश्चात्त्य नास्तिकता' असा सामना लावणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

लकडीपूल

वाचलं. आता माझ्याकडे या. इंग्लिश तत्त्वज्ञ क्लिफर्डने १८७७ साली जहाजाच्या मालकाचं उदाहरण दिलंय. जहाज जुनं, दुरुस्तीची गरज आहे अशी शंका मनात येते, पण खर्च नको म्हणून मालक स्वतःची समजूत घालतो आणि माणसं भरून जहाज सोडतो. बुडालं तर तो दोषी. आणि क्लिफर्ड पुढे म्हणतो, नशिबाने जहाज पोचलं तरी तेवढाच दोषी, कारण दोष निकालात नाही, मानण्याच्या पद्धतीत आहे. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं चूक, कोणालाही, कधीही. रसेलचा १९५२ चा चहाचा किटलीवजा चिनी मातीचा टीपॉटही तेच सांगतो: पृथ्वी आणि मंगळाच्या मधे तो सूर्याभोवती फिरतोय असं मी म्हटलं, तर खोटं पाडायची जबाबदारी तुमची नाही.

मैत्रेयी_कोथरूड

क्लिफर्डचा नियम त्यालाच लावून पाहा. 'अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानू नये' यालाच पुरेसा पुरावा कोणता? शिवाय समोरच्याला मन आहे, काल घडलेलं खरंच घडलं, उद्या निसर्गनियम बदलणार नाहीत, यातलं काहीच तुम्ही त्या मापाने सिद्ध करू शकत नाही आणि तरी अविवेकी ठरत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं, पण त्याचा सर्रास दुरुपयोग होतो, म्हणून अटी नीट सांगते. दोन पर्यायांतली निवड जिवंत हवी, म्हणजे दोन्ही बाजू तुम्हाला मनापासून शक्य वाटल्या पाहिजेत. सदाशिव पेठेतल्या कोणाला झ्यूस मानावा की नाही हा पेच पडत नाही. निवड अटळ हवी, न निवडणं हीसुद्धा एक निवड ठरेल अशी. ती मोठ्या परिणामाची हवी. आणि चौथी अट, जी लोक गाळतात: प्रश्न बुद्धीने, पुराव्याने सुटण्यासारखा नसला पाहिजे. पुराव्याने सुटणाऱ्या प्रश्नात 'मला वाटतं' म्हणायला जेम्सही परवानगी देत नाही. औषध लागू पडतं की नाही, अमुक बाबा हवेतून अंगारा काढतो की नाही, हे त्याच्या अटींत बसत नाही.

कच्चा दुवा दुसरी अट. अज्ञेयवादी म्हणेल की मी निर्णय राखून ठेवतो, माझं काही बिघडत नाही. जेम्सचं म्हणणं, ईश्वर असल्यास मिळणारं जे काही आहे ते राखून ठेवणाऱ्याच्याही हातून जातंच. हे पटतं का, हे 'मिळणारं' म्हणजे काय यावर अवलंबून.

अनुपलब्धी

टीपॉटला आपल्या शास्त्रात फार नेमकं उत्तर आहे. दिसत नाही म्हणून नाही, हे केव्हा म्हणता येतं? जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याबाबतीतच. योग्यानुपलब्धी. उजेडात, रिकाम्या टेबलावर घट दिसत नाही, म्हणजे नाही. त्याच टेबलावर जंतू दिसत नाहीत यावरून मात्र काही ठरत नाही. न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात उदयन चार्वाकाची यावरून चांगलीच टर उडवतात: न दिसणं म्हणजेच नसणं असेल, तर बिचारा चार्वाक घराबाहेर पडल्यावर परत येणारच नाही, बायकापोरं दिसत नाहीत, म्हणजे ती नाहीतच, असं समजून ऊर बडवत रडत बसेल.

टीपॉट नाही असं आपण म्हणतो ते तो दिसत नाही म्हणून नव्हे. टीपॉट कसे बनतात आणि अंतराळात काय काय पाठवलं गेलंय हे आपल्याला माहीत आहे म्हणून. ईश्वराबाबत तशी आगाऊ माहिती नाही. तेव्हा टीपॉटने 'नाही' सिद्ध होत नाही. पुराव्याचा भार 'आहे' म्हणणाऱ्यावर आहे एवढंच ठरतं.

पण आस्तिकांनी लगेच पेढे वाटू नयेत. तत्त्वज्ञ शेलेनबर्गने १९९३ मध्ये हाच दरवाजा उलट्या बाजूने उघडला. ईश्वर प्रेमळ असेल आणि त्याला माणसांशी नातं हवं असेल, तर जो मनापासून शोधतोय, हट्टाने पाठ फिरवत नाहीये, त्याला तो कळला पाहिजे. असे प्रामाणिक शोधक असूनही त्यांना तो कळत नाही. म्हणजे प्रेमळ ईश्वराच्या बाबतीत अनुपलब्धी 'योग्य' होते आणि ती त्याच्या विरोधात जाते. उदयनांचा परमाणू जुळवणारा ईश्वर यातून सुटतो, त्याने भेटीचा शब्द दिलेला नाही. भक्तांच्या हाकेला धावणारा, भेट देणारा विठ्ठल सुटत नाही. भक्ती जितकी जवळीक सांगेल तितका हा आक्षेप धारदार.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक शंका: दुःखाचा मुद्दा अजून कोणीच का काढला नाही?

वारूळ

मांडणी दोन प्रकारची आहे, सरमिसळ करू नका.

तार्किक: मॅकी, १९५५. सर्वशक्तिमान, सर्वस्वी चांगला ईश्वर आणि दुःख यांत विसंगती आहे. आस्तिक तत्त्वज्ञ प्लँटिंगाने १९७४ मध्ये याला उत्तर दिलं: खरं स्वातंत्र्य असलेली माणसं कधीच चुकणार नाहीत असं जग ईश्वरालाही घडवता न येणं शक्य आहे. नुसतं 'शक्य' असलं तरी विसंगती मोडते. इथे विरोधकांपैकीही बरेच जण मागे हटले.

पुराव्याची: रो, १९७९. रानात वणवा लागतो, हरणाचं पाडस होरपळतं, कित्येक दिवस तडफडून मरतं; कोणी पाहत नाही, कोणी त्यातून काही शिकत नाही. अशी निष्फळ दुःखं दिसतात, म्हणून ईश्वर असण्याची शक्यता घटते. याला विक्स्ट्राचं १९८४ चं उत्तर पुन्हा योग्यानुपलब्धीच आहे: ईश्वराची कारणं आपल्याला दिसतीलच असं नाही, म्हणून 'कारण दिसत नाही' यावरून 'कारण नाही' निघत नाही. मात्र हे औषध जास्त झालं तर अंगावर येतं. ईश्वराचे हेतू आपल्याला इतके अगम्य असतील, तर 'त्याने जीवसृष्टीसाठी विश्व घडवलं' हे तरी कशावरून म्हणता?

उदाहरण देताना पुणेकर पानशेत काढतात. ते काढू नका. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, ते माणसाच्या खात्यात जातं आणि स्वातंत्र्याचं उत्तर तिथे चालून जातं. किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावं विसर्जन करून झोपलेली. १७५५ साली लिस्बनला भूकंप झाला तोही सर्व संतांच्या सणाला, माणसं चर्चमध्ये असताना. तिथूनच युरोपात हा वाद पेटला. अर्थात किल्लारीतही दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांनी माणसं चिरडली. पण अशीच घरं भूकंप न होणाऱ्या गावांतही होती आणि तिथे कोणी मेलं नाही.

मैत्रेयी_कोथरूड

आपल्याकडचं उत्तर राहिलं. ब्रह्मसूत्र २.१.३४: ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येत नाही, कारण तो कर्मसापेक्ष आहे. भाष्यात पावसाचा दृष्टांत आहे. पाऊस सगळीकडे सारखाच, पीक बियाणाप्रमाणे. पहिलं कर्म कुठून आलं, तर पुढचं सूत्र: संसार अनादी आहे.

यात दोन अडचणी. अनादी साखळीत प्रत्येक दुःखाला मागचं कर्म सापडतं, पण अशी साखळी मुळात का, हे उरतंच. दुसरी जास्त जड. सगळं कर्मानेच ठरत असेल तर ईश्वर कशाला? मीमांसेचे जैमिनी हेच म्हणतात, आणि ब्रह्मसूत्रकार बादरायणांनी ते मत ३.२.४० मध्ये नोंदवून मग उत्तर दिलंय. उदयनांचं उत्तर: अदृष्ट (कर्माचा न दिसणारा साठा) अचेतन आहे, कुऱ्हाड आपणहून लाकूड तोडत नाही, तिला चेतन चालवणारा हवा. म्हणजे फिरून कुंभारापाशीच आलो. आणि जे लाघव एका ईश्वरासाठी वापरलं, तेच इथे शून्य ईश्वरासाठी वापरता येतं.

'त्या लेकराचं मागच्या जन्मीचं असेल' हे वाक्य नैतिकदृष्ट्या कुठे नेतं यावर वेगळा धागा होईल. इथे नको.

हिंजवडीकर

हे सगळं आकड्यात मांडून पाहू. बेझचा नियम (नव्या पुराव्यानुसार शक्यता बदलायची रीत) वापरायचा तर टक्क्यांऐवजी प्रमाणात काम करा, गोंधळ कमी होतो. पायऱ्या अशा:

पुरावा बघण्याआधीचं प्रमाण ठरवा, समजा ईश्वराच्या बाजूने १:९. मग एक पुरावा घ्या, समजा निसर्गाच्या स्थिरांकांची नेमकी जुळणी, आणि ठरवा की ईश्वर असेल तर हा पुरावा दिसण्याची शक्यता, नसेल त्याच्या किती पट. समजा २० पट. गुणाकार: २०:९, म्हणजे सुमारे ६९ टक्के. आता दुःखाचा पुरावा. ईश्वर असेल तर तो दिसण्याची शक्यता, नसेल त्याच्या एक पंचमांश धरली, तर २०:४५, म्हणजे ४:९, सुमारे ३१ टक्के. आस्तिक तत्त्वज्ञ स्विनबर्न १९७९ पासून याच पद्धतीने उलट निष्कर्ष काढतो, कारण त्याचे आकडे वेगळे आहेत.

आता हे कुठे फसतं. (अ) '२० पट' ठरवताना ईश्वराला जीवसृष्टी हवी असेल हे तुम्ही गुपचूप धरलेलं असतं. (आ) पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र नसतील तर सरळ गुणाकार चालत नाही. (इ) 'ईश्वर नाही' ही एक कल्पना नाही, ते गाठोडं आहे. अनेक विश्वं, अनादी विश्व, उदासीन निर्माता, सगळं त्यात. (ई) स्थिरांकाची किंमत शून्यापासून अनंतापर्यंत काहीही असू शकते म्हटलं, तर सगळ्या किमतींना सारखी शक्यता वाटताच येत नाही, बेरीज एक होत नाही. २००१ मध्ये मॅकग्रू दांपत्य आणि व्हेस्ट्रुप यांनी हे दाखवलं. (उ) जीवसृष्टी आहे एवढंच मोजून थांबायचं नाही. ड्रेपरचा मुद्दा: ती वेदनांनी भरलेली आहे, हा तपशीलही त्याच खात्यात टाकावा लागतो.

शेवटी आकडे पाहून कोणाचं मत बदलत नाही. पण आपलं भांडण नेमकं कुठल्या आकड्यावर आहे ते कळतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

लकडीपूल

तर्कशास्त्रज्ञ ग्योडेलने ईश्वर सिद्ध केला आणि कॉम्प्युटरने तपासून शिक्का मारला, हा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं काय?

हिंजवडीकर

अर्धसत्य. २०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि वोल्टसेनलोगेल पालेओ यांनी हा पुरावा संगणकाला तपासायला दिला. डेना स्कॉटने सुधारलेली मांडणी बरोबर निघाली, म्हणजे गृहीतकांतून निष्कर्ष खरोखर निघतो. ग्योडेलच्या मूळ टिपणातली गृहीतकं मात्र परस्परविसंगत आहेत, हे त्याच कामात एका स्वयंचलित प्रोग्रॅमनेच पकडलं. विसंगत गृहीतकांतून काहीही सिद्ध होतं, ईश्वर नाही हेसुद्धा. स्कॉटच्या मांडणीलाही सोबेलने १९८७ मध्ये दाखवलेला रोग आहे: तीच गृहीतकं मानली तर जे जे खरं ते ते अनिवार्यपणे खरं ठरतं. मग मघाचं प्लँटिंगाचं स्वातंत्र्यही गेलं. अँडरसनने १९९० मध्ये गृहीतकं सैल करून यातून वाट काढली.

संगणक पायऱ्या तपासतो. 'सद्गुण' म्हणून जे गृहीत धरलंय ते खरं आहे का, हे तो सांगू शकत नाही.

पंचावयव

म्हणूनच अशा नुसत्या संकल्पनेतून निघणाऱ्या पुराव्याला न्यायात जागा मिळाली नाही. उदाहरण अवयव रिकामा राहतो. सर्वात जवळचं म्हणजे योगसूत्र १.२५, ज्ञान कमीजास्त असतं, म्हणून कुठेतरी त्याची परिसीमा असणार. त्यावर साधा आक्षेप: संख्याही लहानमोठ्या असतात, सगळ्यात मोठी संख्या कुठे आहे?

पास्कल घेऊन मग मूळ प्रश्नाकडे वळतो. पैज माहीत असेलच: ईश्वर असेल आणि मानलात तर अनंत लाभ, नसेल तर किरकोळ तोटा. आपल्याकडे सुभाषितातच आहे, नसला तर आपलं काही जात नाही, असला तर नास्तिक मेला. अनेक देवांची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे; चुकीच्या देवाला मानल्याबद्दल शिक्षा करणारा देवही यादीत घ्यावा लागतो. त्याहून घातक अडचण गणितातली. अनंताला कितीही लहान शक्यतेने गुणलं तरी अनंतच. मग नाणं उडवून छापा आला तरच मानेन म्हणणाऱ्यालाही अपेक्षित लाभ अनंत, आणि आयुष्यभर नास्तिक राहून शेवटी चुकून मानलं जाण्याची लाखात एक शक्यता असलेल्यालाही अनंत. सगळेच डाव सारखे ठरतात, म्हणजे पैज काहीच सुचवत नाही. आणि 'काही जात नाही' हेही खरं नाही. काय काय जातं याचा हिशोब आगरकरांनी याच शहरात मांडून ठेवलाय.

आता तिसरा प्रश्न. प्लँटिंगा म्हणतो, ईश्वर मानायला युक्तिवाद लागतच नाही. आठवण, प्रत्यक्ष, दुसऱ्याचं मन, यांवरचा विश्वास आपण कशावरून 'काढत' नाही. तो मूलभूत असतो. ईश्वरावरचा विश्वासही तसा असू शकतो, जोवर त्याला बाधक काही पुढे येत नाही. हे फार आधुनिक वाटतं, पण हा वाद म्हणजे स्वतःप्रामाण्य की परतःप्रामाण्य. मीमांसक म्हणतो, ज्ञान झालं की ते प्रमाणच. बाधक आलं तर सोडा. नैयायिक म्हणतो, नाही, प्रामाण्य बाहेरून तपासून ठरतं, प्रवृत्ती सफल झाली का ते बघा. प्लँटिंगा मीमांसकाच्या बाजूला बसतो, क्लिफर्ड आणि लकडीपूल नैयायिकाच्या. गंमत अशी की स्वतःप्रामाण्यवादी कुमारिल निर्माता नाकारतो, आणि परतःप्रामाण्यवादी उदयन तो सिद्ध करायला पाच स्तबकं खर्ची घालतो. दोघेही आपापल्या जागी सुसंगत आहेत. उदयनाला सिद्ध करावं लागतं ते परतःप्रामाण्य पत्करल्यामुळेच.

तेव्हा माझं म्हणणं: वरचा एकही युक्तिवाद ईश्वर सिद्ध करत नाही. तरी मानणारा अविवेकी ठरत नाही, दोन अटींवर. दुःखासारखी जी बाधकं पुढे आली आहेत त्यांना त्याने तोंड दिलं पाहिजे. आणि जी सवलत स्वतःला घेतली ती शेजाऱ्याच्या देवालाही दिली पाहिजे.

अनुपलब्धी

दुसऱ्या अटीतच मेख आहे. शेजाऱ्याचा देव एकमेव असल्याचं त्याच्या अनुभवातून आलं, माझ्यातून उलट आलं. दोन्ही स्वतःप्रमाण, दोन्ही परस्परविरुद्ध. हा सत्प्रतिपक्ष झाला आणि दोघांनीही निर्णय थांबवायला हवा. नाहीतर प्लँटिंगाला विचारतात तो प्रश्न आलाच: मग भोपळ्याच्या देवावरचा विश्वास मूलभूत का नको?

मैत्रेयी_कोथरूड

जयंत भट्टांनी नवव्या शतकात काश्मीरात हा पेच घेतला आहे. परस्परविरुद्ध आगमही (धर्मग्रंथही) प्रमाण मानता येतील, पण चाळणी लावून: परंपरा मोडलेली नको, चांगल्या माणसांना शिसारी येईल असं वर्तन नको, कालपरवा निघालेलं नको, लोभातून आलेलं नको. या चाळणीतून नीलांबरव्रत या पंथाचे लोक गळाले. राजा शंकरवर्म्याने त्यांच्यावर बंदी घातली. तुमच्या भोपळ्याचा देव 'कालपरवाचा' या अटीवर पडतो.

वारूळ

पडतो, पण ही चाळणी खऱ्याखोट्याची नाही, प्रतिष्ठेची आहे. जुनं आणि सभ्य म्हणजे खरं, असं होत नाही. यातली 'लोभ' ही एकच अट खऱ्याखोट्याशी नातं सांगते, कारण लोभी माणसाला खोटं बोलायला कारण असतं. आप्तवाक्याची, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दाची, कसोटीही तीच.

वाचनमात्र

मराठीतून किंवा निदान मराठी माणसाच्या हाताने कुठे वाचायला मिळेल?

पंचावयव

ब्रह्मसूत्रभाष्यासाठी वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं मराठी भाषांतर. 'सर्वदर्शनसंग्रहा'वर त्यांचीच संस्कृत टीका, १९२४ ची, भांडारकर संस्थेने काढलेली. त्यात चार्वाकापासून सुरुवात करा. उपाधी, व्यर्थविशेषण असे शब्द अडले की झळकीकरांचा 'न्यायकोश', अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती. संस्थेत बसून वाचता येईल. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत कधी मिळून जातं, पण शिवण तपासून घ्या, मधली पानं सुटलेली असतात. कुसुमांजलीला थेट हात घालू नका. कारिका छोट्या आहेत, गद्य भाग अंगावर येतो. आधी तिसरा स्तबक, मग पाचवा, पहिला सगळ्यात शेवटी.

अनुपलब्धी, सत्प्रतिपक्षात दोन्ही हेतू तुल्यबळ लागतात. दोन अनुभव तुल्यबळ आहेत हे बाहेरून कोण ठरवणार? ते ठरवायला बसलात की तुम्ही परतःप्रामाण्य पत्करलंत.

अनुपलब्धी

पत्करलं. मग दोघांनाही बाहेरची कसोटी लागू झाली, आणि लकडीपूलचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा लागेल.